ई-मेलची आज्ञावली कशी निवडावी?

पत्र पोहोचविणे आणि पत्र जपून ठेवणे ही दोन कामे निराळी आहेत. कागदी पत्रांच्या काळात पहिले काम टपालखाते करी. दुसरे काम घरात भिंतीवरच्या तारेकडे आणि कार्यालयात फायलींच्या कपाटाकडे असे. तारेत ओवलेले पत्र वीस वर्षांनीही काढून वाचता येई. ई-मेलच्या काळात ही दोन्ही कामे बहुधा एकाच आज्ञावलीकडे सोपविली जातात. परंतु आज्ञावली निवडताना लोक विचार करतात तो केवळ पहिल्या कामाचा. पत्र लवकर येते की नाही, पडदा सुबक दिसतो की नाही, एवढेच पाहिले जाते. पत्रे राहतात कोठे, आणि उद्या ती तेथून हलवावयाची झाल्यास हलविता येतील काय, हा प्रश्न बहुधा उशिरा सुचतो.

संगणकाला किंवा मोबाइल फोनला एखादे काम कसे करावयाचे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ई-मेलची आज्ञावली पत्र लिहून घेते, ते धाडते, आलेली पत्रे दाखविते आणि त्यांची वर्गवारी करते. एखाद्या शाळेतील मुख्याध्यापकांची बदली होते, जुना संगणक मोडीत निघतो, आणि नव्या मुख्याध्यापकांना असे आढळते की मागील पाच वर्षांचा पत्रव्यवहार कोठेच नाही. तो जुन्या संगणकातच राहिला होता, किंवा बदलून गेलेल्या गृहस्थांच्या खासगी खात्यात होता. असा प्रसंग टाळावयाचा असेल तर ई-मेलचे कार्य कसे चालते हे प्रथम थोडक्यात समजून घेतले पाहिजे.

पत्राचा प्रवास

दोन निरनिराळ्या संगणकांमध्ये पत्र धाडण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे केला. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत होती. परंतु त्यांच्यामधील दुवा अर्पानेट या जाळ्याचा होता. व्यक्तीचे नाव आणि तिच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घालण्याची पद्धत त्यानेच सुरू केली. आजही प्रत्येक ई-मेल पत्त्याचे असे दोन भाग असतात. चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीचे किंवा पदाचे नाव असते, तर उजवीकडे ज्या संस्थेकडे पत्रपेटी आहे तिचे नाव असते.

पत्र धाडणारा ‘पाठवा’ असे बटण दाबतो तेव्हा त्याची आज्ञावली ते पत्र थेट मित्राच्या यंत्राकडे नेत नाही. ती ते आपल्या सर्व्हरच्या हवाली करते. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू असणारा व इतर संगणकांची कामे करणारा संगणक होय. हा सर्व्हर पत्त्यातील उजवा भाग पाहून पत्र दुसऱ्या सर्व्हरकडे रवाना करतो. या देवघेवीचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी शब्दबद्ध केले. त्या नियमांस संक्षेपाने एसएमटीपी म्हणतात. त्यांत पुढे सुधारणा झाल्या, तरी मूळ चौकट तीच आहे. ही चौकट सर्वांना खुली असल्यामुळे एका कंपनीच्या आज्ञावलीने लिहिलेले पत्र दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलीस वाचता येते. म्हणूनच आज्ञावली बदलली तरी पत्ता बदलावा लागत नाही.

घरी आणणे की कपाटात ठेवणे?

पत्र सर्व्हरपर्यंत पोहोचले म्हणजे अर्धा प्रवास झाला. सर्व्हरपासून वाचणाऱ्यापर्यंत येण्याच्या दोन मुख्य रीती आहेत, आणि निवडीचा पहिला प्रश्न येथेच उद्भवतो.

पहिली रीत पॉप या नावाने ओळखली जाते. तिचे नियम प्रथम १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, व आज प्रचलित असलेली तिची तिसरी आवृत्ती १९८८ मधील आहे. डाकघरात जाऊन आपले टपाल उचलून घरी आणावे, तशी ही रीत आहे. आज्ञावली सर्व्हरवरील पत्रे आपल्या संगणकात उतरवून घेते आणि, निराळी सूचना दिलेली नसेल तर, सर्व्हरवरील प्रती काढून टाकते. त्या काळी सर्व्हरवरील जागा अत्यंत महाग होती व जोडणी टेलिफोनच्या तारेवरून मिनिटांच्या हिशेबाने मिळे. अशा परिस्थितीत ही रीत योग्यच होती.

दुसरी रीत आयमॅप ही होय. ती मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. येथे पत्रे सर्व्हरच्या कपाटातच राहतात. वाचणारा आपल्या यंत्रावर त्यांची प्रत पाहतो. कोणते पत्र वाचले, कोणते उत्तरित झाले, कोणते कोणत्या कप्प्यात ठेवले, याची नोंदही सर्व्हरवरच होते. त्यामुळे सकाळी फोनवर वाचलेले पत्र दुपारी कार्यालयातील संगणकावर वाचलेलेच दिसते.

एकाच माणसाजवळ फोन व संगणक अशी दोन यंत्रे असतील तर आयमॅपच सोयीची आहे, हे यावरून ध्यानात येईल. पॉपमध्ये काही पत्रे एका यंत्रात व काही दुसऱ्यात अशी विखुरली जाण्याचा संभव असतो. तथापि आयमॅपविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पत्रे सर्व्हरवर आहेत म्हणजे ती सुरक्षित आहेत, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः आयमॅपमध्ये एका यंत्रावरून पत्र नष्ट केले की ते सर्व यंत्रांवरून जाते. खाते बंद पडले तर कपाटच नाहीसे होते. आयमॅप ही एकच प्रत अनेक ठिकाणांहून पाहण्याची सोय आहे. राखीव प्रत ही निराळीच काढावी लागते.

काही जण कोणतीही आज्ञावली न बसविता ब्राउझरमधूनच पत्रे वाचतात. हॉटमेल ही सेवा ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी सुरू केली, तेव्हापासून ही पद्धत लोकप्रिय झाली. आरंभी तेथे प्रत्येकास २ मेगाबाइट जागा मिळे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ गिगाबाइट, म्हणजे सुमारे पाचशे पट जागा देऊ केली, आणि पत्रे खोडण्याची गरज सामान्य माणसास वाटेनाशी झाली. ब्राउझरची पद्धत सोपी आहे व कोणत्याही यंत्रावर चालते. परंतु तीमध्ये पत्रांची एकही प्रत वाचणाऱ्याच्या हाती सहसा राहत नाही.

देवनागरी पत्र आणि सहपत्रे

१९८२ च्या नियमांनुसार ई-मेलमध्ये केवळ इंग्रजी अक्षरे, अंक व काही चिन्हे धाडता येत. मराठी किंवा तमिळ पत्र, छायाचित्र अथवा ध्वनिमुद्रण धाडण्याची सोय नव्हती. नथॅनियल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम नावाची पद्धत मांडली आणि ही अडचण दूर केली. या पद्धतीत कोणताही मजकूर नेहमीच्या अक्षरांच्या वेषात धाडला जातो, व पोहोचल्यावर पुन्हा मूळ रूपात आणला जातो.

हा वेष किती जागा घेतो, याचा हिशेब उद्बोधक आहे. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. येथे ‘कि’ ही दोन चिन्हे धरावयाची, एक ‘क’ व एक वेलांटी. प्रवासासाठी वेष बदलताना बहुधा दर ३ बाइटांचे ४ बाइट होतात. म्हणजे १,००० चिन्हांचे मराठी पत्र प्रवासात सुमारे ४,००० बाइटांचे होते. अशी दहा हजार पत्रे साठविली तरी ती सुमारे ४० मेगाबाइटच होतील. याउलट ३ मेगाबाइटचे एकच छायाचित्र प्रवासात ४ मेगाबाइटचे होते, म्हणजे सुमारे हजार पत्रांची जागा घेते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पत्रपेटी भरते ती पत्रांनी नव्हे, सहपत्रांनी. म्हणून जागा मोकळी करावयाची असेल तर पत्रे खोडू नयेत. मोठी सहपत्रे निराळी जतन करून त्यांनाच खोडावे. दुसरी गोष्ट अशी की, चांगल्या आज्ञावलीत पत्रांची मांडणी आकारमानानुसार करता आली पाहिजे, आणि देवनागरी शब्दाचा शोध जुन्या पत्रांतही अचूक लागला पाहिजे. ही परीक्षा आज्ञावली स्वीकारण्यापूर्वीच करून पाहावी.

पत्रे कोणत्या स्वरूपात साठतात?

संगणकात उतरलेली पत्रे आज्ञावली कोठे तरी लिहून ठेवते. ती ज्या स्वरूपात लिहिली जातात, त्यावर त्यांचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

एमबॉक्स हे एक जुने व सरळ स्वरूप आहे. यात एका कप्प्यातील सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये एकापुढे एक लिहिलेली असतात. ही फाइल कोणत्याही साध्या मजकूर-वाचक आज्ञावलीत उघडता येते, व अनेक ई-मेल आज्ञावलींना ती समजते. थंडरबर्ड ही डिसेंबर २००४ पासून उपलब्ध असलेली मोफत आज्ञावली सामान्यतः हेच स्वरूप वापरते. जीमेलमधील पत्रे गूगलच्या टेकआउट या सोयीने बाहेर काढली असता तीही याच स्वरूपात मिळतात.

दुसरा प्रकार एखाद्या कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी घडविलेल्या स्वरूपाचा. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधील पीएसटी हे त्याचे उदाहरण. कार्यालयीन दैनंदिनी, नावपत्ते व पत्रे यांची एकत्र व्यवस्था लावण्यात आउटलुक प्रवीण आहे, आणि म्हणून मोठ्या कार्यालयांत ती रूढ झाली. परंतु २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत या फाइलची मर्यादा २ गिगाबाइट होती. ती ओलांडली जाताच फाइल बिघडण्याचा धोका असे. सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये, आणि ती उघडण्यासाठी ठरावीक आज्ञावली आवश्यक, अशी ही स्थिती होती. नंतरच्या आवृत्त्यांत मर्यादा पुष्कळ वाढली, व २०१० मध्ये कंपनीने या स्वरूपाचे वर्णनही प्रसिद्ध केले.

आज्ञावलींचे आयुष्य पत्रांपेक्षा कमी असते, हे इतिहासावरून दिसून येते. युडोरा ही आज्ञावली स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लिहिली. ती एके काळी जगभर वापरली जात असे. पुढे तिची विक्रीची परंपरा संपुष्टात आली. परंतु तिने पत्रे एमबॉक्सशी मिळत्याजुळत्या साध्या मजकुरात लिहून ठेवली होती. त्यामुळे आज्ञावली गेली तरी तिच्यातील पत्रे आजही वाचता येतात. आउटलुक एक्स्प्रेस ही आज्ञावली विंडोज एक्सपीबरोबर मागे पडली; त्या प्रणालीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला. विंडोजमधील ‘मेल’ या आज्ञावलीचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. म्हणून आज निवडलेली आज्ञावली कधी तरी सोडावी लागणार, असे गृहीत धरूनच निवड करावी.

सर्व्हरवरील पत्रांनाही हाच न्याय लागू आहे. दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती नष्ट करण्याचा नियम गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केला, व डिसेंबर २०२३ पासून तो अमलात आणला. एखाद्या दिवंगत व्यक्तीची पत्रे तिच्या खात्यात असतील आणि कुटुंबातील कोणास ती उघडता येत नसतील, तर या नियमाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

घरासाठी

घरात बहुधा फोन हेच मुख्य यंत्र असते आणि पत्रे थोडी असतात. अशा ठिकाणी आयमॅपने जोडलेली कोणतीही प्रतिष्ठित आज्ञावली, किंवा ब्राउझर, पुरेसा आहे. मात्र वर्षातून एकदा तरी सर्व पत्रांची प्रत काढून ती निराळ्या डिस्कवर ठेवावी. जेथे जोडणी वारंवार तुटते तेथे संगणकावर स्वतंत्र आज्ञावली बसविणे हितावह असते. ती पत्रांची प्रत यंत्रात ठेवते, जोडणी नसतानाही वाचन व लेखन चालू राहते, आणि जोडणी परत येताच लिहिलेली पत्रे रवाना होतात.

कार्यालयासाठी

कार्यालयाची गरज निराळी आहे. तेथे पत्र व्यक्तीला येत नाही, पदाला येते. म्हणून शाळेचा किंवा ग्रंथालयाचा पत्ता संस्थेच्या नावाचा असावा, आणि त्याची किल्ली संस्थेच्या ताब्यात असावी. मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रंथपालांच्या खासगी पत्त्यावर संस्थेचे काम चालविणे म्हणजे शाळेचे दप्तर त्यांच्या घरी ठेवण्यासारखे आहे.

यास कायद्याचीही बाजू आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे जतन करण्याच्या अटी सांगितल्या आहेत. माहिती पुढे संदर्भासाठी उपलब्ध राहिली पाहिजे. ती मूळ स्वरूपात, अथवा मूळ माहिती अचूकपणे दर्शविणाऱ्या स्वरूपात ठेवली पाहिजे. आणि कागदपत्र कोठून निघाले, कोठे गेले, केव्हा पाठविले वा मिळाले, हे त्यावरून कळले पाहिजे. पत्राचा मजकूर छापून फायलीस लावला तर पहिली अट भागेल. परंतु प्रवासाचा संपूर्ण तपशील पत्राच्या शीर्षभागात असतो, आणि तो छापील प्रतीत क्वचितच येतो. मूळ पत्र शीर्षभागासह बाहेर काढून ठेवता येणे ही कार्यालयीन आज्ञावलीची आवश्यक योग्यता समजली पाहिजे.

घर आणि कार्यालय यांची खाती एकाच आज्ञावलीत असल्यास आणखी एक अडचण संभवते. घाईत लिहिलेले खासगी पत्र कार्यालयाच्या नावाने जाते, किंवा कार्यालयाचे उत्तर खासगी पत्त्यावरून जाते. यावर उपाय म्हणून दोन्हींसाठी निरनिराळ्या आज्ञावली वापराव्यात. अथवा एकाच आज्ञावलीत दोन स्वतंत्र दालने करता येत असतील तर तशी करावीत.

सुरक्षितता

आज्ञावली मोफत आहे की विकत, यापेक्षा तिच्यात वेळोवेळी सुधारणा होतात की नाही हे अधिक महत्त्वाचे आहे. पूर्वी आज्ञावलीस परवलीचा शब्द सांगितला की काम भागे. आता अनेक सेवा तो शब्द आज्ञावलीच्या हाती देत नाहीत. वापरणारा सेवेच्या स्वतःच्या पानावर ओळख पटवितो, आणि आज्ञावलीस केवळ मर्यादित परवाना मिळतो. गूगलने खासगी खात्यांसाठी मे २०२२ अखेर जुनी पद्धत बंद करण्यास आरंभ केला. तेव्हा सुधारणा थांबलेल्या अनेक आज्ञावलींना नेहमीच्या शब्दावर पत्रे मिळेनाशी झाली.

दुसरी पाहावयाची गोष्ट चित्रांची. काही पत्रांतील चित्र पत्रात नसते; ते पत्र उघडताच दूरच्या सर्व्हरवरून आणले जाते. त्यामुळे पत्र केव्हा उघडले हे धाडणाऱ्यास कळते. अशी चित्रे विचारल्याशिवाय न आणण्याची सोय आज्ञावलीत असावी, व ती आरंभापासून चालू ठेवावी.

निवडीची कसोटी

सर्व विवेचनाचे सार एका प्रयोगात सांगता येईल. नवी आज्ञावली बसविल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःला दहा पत्रे धाडावीत. त्यांत दोन देवनागरीत असावीत, दोन सहपत्रांसह असावीत. मग ती दहाही पत्रे आज्ञावलीतून बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या आज्ञावलीत उघडावीत. अक्षरे जशीच्या तशी आली, सहपत्रे उघडली, तारीख व पत्ते शाबूत राहिले, तर ती आज्ञावली निःशंकपणे वापरावी. यांपैकी काही बिघडले, तर दहा पत्रांवर निभावले असे समजून दुसरी आज्ञावली पाहावी. हाच प्रयोग दहा वर्षांनंतर, दहा हजार पत्रे साठल्यावर, प्रथमच करावा लागला तर झालेले नुकसान भरून काढण्यास मार्ग उरत नाही.

अभ्यास

१. आपल्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या ई-मेल खात्यास पत्रे पॉपने येतात की आयमॅपने, हे आज्ञावलीतील मांडणीवरून शोधून काढा.

२. २,५०० देवनागरी चिन्हांचे पत्र प्रवासात सुमारे किती बाइटांचे होईल?

३. संस्थेतील एखादे जुने पत्र शीर्षभागासह बाहेर काढा, आणि ते किती सर्व्हरांमधून आले हे पाहा.

४. उद्या संस्थेचा संगणक बंद पडला तर मागील वर्षाची पत्रे कोठून मिळतील, याचे उत्तर एका वाक्यात लिहा. उत्तर लिहिता आले नाही तर प्रथम राखीव प्रत काढा.